एका डब्यातले तीन कप्पे

प्रिय ठमाबाई,

पाकीट बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, तू नाक मुरडलंस तरी मला इथून दिसत नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेमधे तोंड घालतेस आणि मग माझा धीर सुटतो. पिटुकलीला निजव, दार लोटून घे आणि शेवटपर्यंत वाच. सोबतची छोटी डबी आत्ता उघडू नकोस. तुला दम निघत नाही हे ठाऊक आहे, तरी सांगते.

मागच्या आठवड्यात तुला म्हटलं होतं, बाबांचा कॉम्प्युटर गेला, त्यातलं काही म्हणता काही वाचलं नाही. ते अर्धं खोटं होतं. तुला आठवतं, तू सुट्टीवर आली होतीस तेव्हा आपण तिघं हार्ड डिस्क घ्यायला गेलो होतो? जुनी लहान डिस्क नुसतं यंत्र चालवायला पुरत होती, फोटो ठेवायला जागा नव्हती. दुकानदार म्हणाला, काका, दोन मध्यम घ्या, एकीत माल ठेवा, दुसरीत नक्कल. तूही घसा फोडून तेच सांगितलंस. ह्यांनी ऐकलं तर शपथ. एकच मोठी घेतली आणि तिचेच तीन भाग पाडून घेतले. चाळीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवलेला माणूस. खिळ्यांच्या लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराला आपापला कप्पा, आणि कप्पा केला की वस्तू जागच्या जागी राहते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. पहिल्या भागात सगळे फोटो, दुसऱ्यात त्याच फोटोंची नक्कल, आणि तिसऱ्या भागाला नाव दिलं ‘ठमी’. मी म्हटलं, अहो, डबा पडला की तिन्ही कप्पे सांडतात, ती केस हातातून निसटली तेव्हा तीन दिवस गुडघ्यांवर रांगत खिळे वेचत होतात ते विसरलात का. तर म्हणाले, तू तुझं शिवण बघ. बघितलं बाई शिवण. आयुष्यात एकदा माझं खरं ठरलं, तर ‘बघा, मी सांगितलं होतं’ म्हणायला माणूसच नाही.

तर ती डिस्क टकटक करायला लागली. आत कुणी नखाने दार वाजवतंय असा आवाज. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला मी वैद्यबुवा म्हणते, कारण तो यंत्राला कान लावतो, मान हलवतो आणि औषध काही देत नाही. नक्कल आहे दुसऱ्या भागात, मी ऐटीत सांगितलं. तो हसलाच. आजी, म्हणाला, खोल्या तीन असल्या तरी छप्पर एकच आहे, आणि ते पडायला आलंय. आता ही चालू राहील ती शेवटचीच. एका वेळी एकच भाग निघेल. कुठला आधी काढू ते सांगा, आणि एकदा सुरू केलं की मधे थांबवायला लावू नका, बंद केलेली परत उठेल असं नाही.

मी म्हटलं, फोटो काढ. त्याने विचारलं, आणि हे तिसरं? सगळ्यात मोठा भाग आहे हा, आत फारसं काही दिसत नाही, पण काहीतरी आहे. मी म्हटलं, काही नाही त्यात, राहू दे.

आत काय आहे हे मला ठाऊक होतं, ठमे.

शेवटचे चार महिने तू फोन केलास की बाबा कधी झोपलेले असायचे, कधी फिरायला गेलेले. इतका फिरणारा म्हातारा जगात नसेल. तू रुसलीस, म्हणालीस बाबा माझ्याशी बोलत का नाहीत. त्यांना बोलता येत नव्हतं गं. घशात गाठ होती, आवाज गेलेला, पाणीसुद्धा चमच्याने. तुला मी सांगितलं की झोपेत गेले. झोपेत नाही गेले. फार दिवस लागले त्यांना, आणि ते सगळे दिवस ते शुद्धीवर होते.

तुझे दोन जीव आधी हातातून गेले होते. पिटुकलीच्या वेळी डॉक्टरांनी तुला पलंगावरून उठू नको म्हणून बजावलं होतं, आणि तूच मला शपथ घातलीस की बाबांना दिवस गेल्याचं इतक्यात कळवू नकोस, आधीच्या दोन्ही वेळी ते किती खचले. मी शपथ पाळली. त्यांचं तुला सांगितलं असतं तर तू उठून धावत आली असतीस, मी तुला ओळखते. मग त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, ठमीला कळवलंस? मी हो म्हटलं. पुढे विचारलं, मग येत का नाही? मी म्हटलं, तिला रजा मिळत नाही. दर आठवड्याला तीच पाटी आणि तेच उत्तर. एकदा तर पाटी पुसायचाही त्यांना कंटाळा आला, तोच प्रश्न तसाच पुढे धरला.

मग ते रोज दुपारी कॉम्प्युटरपाशी बसून दोन बोटांनी काहीतरी टाइप करायचे. जुळवलेला मजकूर वाचतात तसं मान वाकडी करून तपासायचे. मी चहा ठेवायला गेले की पडदा झाकायचे. ठमी आली की तिच्या हातात देईन, असं पाटीवर लिहिलं. मी गुपचूप एकदा वाचलं. पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही.

म्हणून वैद्यबुवाला म्हटलं राहू दे. डिस्कच्या पोटात ते आपोआप मेलं असतं, माझ्या हाताला काही लागलं नसतं. तो फोटो काढत होता, पडद्यावर हिरवी रेघ मुंगीसारखी सरकत होती, तुझं पहिलं पाऊल, आमचं लग्न, सगळं त्या रेघेच्या पुढे. आणि मला नुसती टकटक ऐकू येत होती. चार महिने बोलता न येणारा माणूस काहीतरी हवं असलं की पलंगाच्या दांडीवर नखाने अशीच टकटक करायचा.

मी म्हटलं, थांबव. तिसरं काढ. तो वैतागला, आजी, फोटो जातील म्हणाला. म्हटलं जाऊ देत. बंद करून परत चालू केली, ती कशीबशी उठली. एकतीस चिठ्ठ्या निघाल्या, आणि मग आतलं कायमचं गप्प झालं. फोटो आले अकरा, त्यातले चार छपाईयंत्राचे. त्यांचा धड चेहरा एकातही नाही.

त्या एकतीस चिठ्ठ्या कागदावर छापून घेतल्या, या वेळी सगळ्या वाचल्या, आणि घडी घालून डबीत ठेवल्या आहेत. प्रत्येकीत ते तुला एकच विचारतात, कधी रागाने, कधी लाडीगोडीने, शेवटी शेवटी नुसतंच. शेवटच्या चिठ्ठीत लिहिलंय, वेळ नसेल तर राहू दे, तुझी जागा मोकळी ठेवली आहे. त्यांना उत्तर मिळालं नाही, आणि वाचताना तुला वाटेल की ते तू द्यायला हवं होतंस. तसं वाटू देऊ नकोस, एवढ्यासाठी हे पत्र. चिठ्ठ्यांच्या आधी हे वाचायचं होतं. तू आली नाहीस असं नाही, मी तुला येऊ दिलं नाही. पिटुकली जिवंत आहे म्हणून मला पस्तावा होत नाही, आणि ते गेले म्हणून झोप लागत नाही. आता डबी उघड. फोन करावासा वाटला तर कर. नाही केलास तर मी समजेन, आणि रोज वाटही बघेन, कशी बघायची ते बघून बघून शिकले आहे.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
आई