बेसच्या तारा आणि चरचराट

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

अभिजीतने आज तिसऱ्यांदा थांबवलं! गाणं ऐन रंगात, मी डोळे मिटून वाजवतेय, आणि याने गिटारवरचा हात उचलला. "भार्गवी, बेस चरचरतोय गं. सत्तर सालचा आवाज हवाय. हा कालच दुकानातून आणल्यासारखा वाटतो."

म्हटलं, तारा दीड वर्ष जुन्या आहेत. अजून किती जुन्या हव्यात?

रंजिता पाण्याची बाटली उघडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मलाही लागतंय. मी गाते ना, तिथेच वर काहीतरी घासतं."

गाणी तिची. पाच. नऊ वर्षं आम्ही चौघं लग्नं, हॉटेलं, ऑफिसांच्या पार्ट्या वाजवतोय — रंजिता गाते, अभिजीत गिटार आणि रेकॉर्डिंग, मल्हार ड्रम्स, मी बेस. पहिल्यांदा कुणीतरी म्हटलंय, तुमची स्वतःची गाणी द्या, पण जुन्या ऑर्केस्ट्रासारखी वाजली पाहिजेत. २३ तारखेला स्टुडिओ. वीस दिवस.

आणि चरचराट म्हणजे नक्की कुठला? माझ्या कानाला तर आवाज बोदाच वाटतो. ओल्या ढोलकीसारखा.

५ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात कॉल चालू ठेवून तारांबद्दल वाचत बसले. मॅनेजरने दोनदा नाव घेतलं तेव्हा कळलं.

माझ्या बेसवर आहेत त्या राउंड-वाउंड. आतल्या तारेवर गोल तार गुंडाळलेली, म्हणून खडबडीत. बोट सरकलं की कर्रर्र. जुन्या रेकॉर्ड्सवर बहुतेक फ्लॅट-वाउंड असायच्या — वरची गुंडाळी चपट्या पट्टीची, काचेसारखी गुळगुळीत. आवाज गोल, ठोका पडतो आणि लगेच विरतो. एक तिसरी काळ्या नायलॉनची. ती फार मऊ, मल्हारच्या ड्रम्सखाली पार बुडेल.

फ्लॅट. ठरलं. मागवल्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आल्या! बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून दीड तासाने घरी पोचले आणि चप्पलसुद्धा न काढता पाकीट फोडलं.

ताठ आहेत. जाड. बोटांना नवीनच. मनगट दुखलं. ब्रिजजवळ, तारा बुडाशी टेकतात तिथे, त्यांच्याखाली स्पंजचा तुकडा कापून घातला. भांड्यांचा नवा स्पंज, माझ्या नवऱ्याला, आशयला, अजून कळलेलं नाही. जुने लोक असंच करायचे म्हणे.

वाजवलं. छातीत लागतो ठोका. पण किती बंद बंद! टोनची कळ, आवाजाची धार वाढवणारी, पूर्ण उघडली आणि ब्रिजच्या जवळ वाजवलं तेव्हा कुठे जरा जीव आला.

आशय बाहेरून ओरडला, "अगं, किती मोठ्याने!"

१० नोव्हेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुसऱ्याच गाण्यात अभिजीतने परत थांबवलं. "तारा बदलल्यास ना? मग अजून कसा येतोय?"

मी म्हटलं, फ्लॅट आहेत, बघ, हात लावून बघ.

त्याने हात लावला. मग हळूच म्हणाला, "बेस आपण कीबोर्डवर वाजवून घेऊ या का? फक्त रेकॉर्डिंगपुरता?"

नऊ वर्षं! कीबोर्डवर!

मल्हार स्टुलावरून उठला. "मला तर काही चरचराट येत नाही. बरोबर वाजतोय तिचा बेस. उगाच तिच्या मागे लागलायस तू."

तेवढा आधार पुरला मला. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, बायको सोडून गेली तेव्हापासून तुला कुणाचंच काही पटत नाही, अभिजीत.

रंजिताने माईक बंद केला. अभिजीतने केबल गुंडाळली, नेहमीसारखी नीट, गोल गोल, आणि निघून गेला.

११ नोव्हेंबर, सोमवार

अभिजीतला सॉरी लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

इथल्या शिवाजीनगरला गेले, कल्लाप्पाअण्णांच्या वर्कशॉपमध्ये. जाड तारांच्या ओढीने बेसची मान, म्हणजे लांब दांडा, वाकली होती, ती सरळ करून घ्यायची होती. अण्णा मूळचे निपाणीचे, बोलताना मध्येच कानडी; पन्नास वर्षं इथेच गिटारी दुरुस्त करतात. तरुणपणी कॅन्टोन्मेंटच्या हॉटेलांत स्वतः बेस वाजवायचे. मनात होतं, त्यांनाच विचारू — हा आवाज जुना आहे की नाही सांगा.

मान सरळ केली. दोन सूर वाजवले. म्हणाले, "तारा बेश हायेत की! आमच्या टायमाला एक सेट लावला की पाच-पाच वर्सं उतरवायचा न्हाई. तुटंपर्यंत."

"मग चरचर कुठून येतेय, अण्णा?"

"टोन समदा उघडा ठेवलाय न्हवं. आणि वाजवतीस कुठं? पार ब्रिजपाशी. फ्लॅट तार लावून फ्लॅटसारखं वाजवायचं न्हाई, मग हुईल कसं?"

म्हटलं, टोन बंद केला की काहीच ऐकू येत नाही.

स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला त्यांनी. मग धाकट्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाले, "स्वल्प डोळे मिट, तंगी. वाजवत ऱ्हा. मी कळ फिरवतो. आवाज बदलला की सांग."

वाजवत राहिले. वाट बघत होते, आता फिरवतील, मग फिरवतील. बाहेर बसवाला ओरडत होता, शेजारी कुणी पत्रा ठोकत होतं. मी म्हटलं, "फिरवा ना, अण्णा."

"चार डाव फिरवली की गं."

डोळे उघडले. तोंडावरचं हसू गेलं होतं त्यांच्या. म्हणाले, "तारांचं काय न्हाई. कान दाखवून घे. सरी? आजच."

रिक्षात बसले. रिक्षावाल्याने पत्ता दोनदा विचारला. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं की लक्ष नव्हतं? आता हे प्रत्येक वेळी विचारणार मी स्वतःला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काचेची खोली. कानांवर जाड हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. सोनम नावाची शांत मुलगी काचेपलीकडे बसलेली. सुरुवातीला पटापट दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, मशीन बंद पडलं. काचेतून तिच्याकडे बघितलं. ती बटणं फिरवतच होती.

दोन्ही कान. खालचे सूर ठीक. वरच्या सुरांकडे जाताना रिपोर्टच्या कागदावरची रेघ एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली. सोनम म्हणाली, गेलेलं परत येत नाही. राहिलेलं सांभाळता येतं. कानात बोळे घालून वाजवा, आवाज कमी ठेवा, दर सहा महिन्यांनी या. मग विचारलं, "स्टेजवर कुठे उभ्या राहता?"

ड्रम्सच्या डावीकडे. झांजांच्या शेजारी. नऊ वर्षं.

म्हणजे अभिजीत खरं बोलत होता. पहिल्या दिवसापासून. मी मात्र जे ऐकू येत नव्हतं ते आणखी वाढवत गेले!

आणि मल्हार? त्यालाही चरचराट ऐकू आला नव्हता की! लिफ्टमध्ये हे डोक्यात आलं आणि मी मधल्याच मजल्यावर उतरले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आशयला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला, माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "वर्षभर मला वाटतंय, तू माझं मनावर घेत नाहीस." दोघंही रडलो. मग जेवलो.

बँडला सांगू नये असं फार वाटतंय. चार दिवसच काढायचेत. टोनची कळ बंद करायची, मधे वाजवायचं, कुणाला कळणार? मग कुणी म्हणणार नाही, बहिरी बेस वाजवते.

२० नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. कॉफी पिताना, कागद टेबलावर ठेवून. आधी अभिजीतची माफी मागितली, मग कागद.

अभिजीतने रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "मी तुला सारखा बोलत होतो गं." म्हटलं, बरोबर बोलत होतास. शनिवारी टोन तू लाव. मी हात लावणार नाही. तुझे कान, माझी बोटं.

रंजिताने माझा हात धरला तो सोडलाच नाही.

मग मल्हारला म्हटलं, तूही तपासून घे. झांजा तर तुझ्या कानाशीच. तो हसला. म्हणाला, नको उगाच. मी आग्रह धरला. तसा एकदम भडकला — "मला काही झालेलं नाही! तुझं तू बघ ना!" कप आपटून गेला. वेटरसुद्धा वळून बघायला लागला.

भांडणात माझ्या बाजूने उभा राहणारा तो एकटा होता. आणि मी त्याला चारचौघांत असं म्हटलं. पण म्हणायलाच हवं होतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

रेकॉर्डिंग.

कानात बोळे. अभिजीतने कळ जवळजवळ पूर्ण बंद केली, माझा हात धरून बेसच्या मानेच्या बाजूला सरकवला. "इथे. इथेच वाजव." मला कसं वाटलं सांगू? अंधारात जिना उतरल्यासारखं. पायरी दिसत नाही, पण पायाला माहीत असते. तार बोटाखाली थरथरते, लाकूड पोटाशी घुमतं, त्यावर विसंबून वाजवत गेले.

तिसऱ्या गाण्यानंतर रंजिता काचेपलीकडे दोन्ही हात वर करून नाचत होती! अभिजीतने परत लावून दाखवलं. गोल. ठोका आणि विराम. मला पूर्ण ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही. पण जे आलं ते सुंदर होतं.

मल्हार चोख वाजवून गेला. चोख म्हणजे चोख. माझ्याशी एक अक्षर नाही. फोन केला, उचलला नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला निघताना मल्हार दारात. आत आला नाही. घडी घातलेला कागद पुढे केला. कानांचा रिपोर्ट. रेघ माझ्यापेक्षा खूप आधी खाली पडलेली. म्हटलं, बरं केलंस, गेलास ते. त्याने कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तारीख होती. दोन वर्षांपूर्वीची.

"तू सांगितलंस," तो म्हणाला. "मला नाही जमलं."