सासूबाईंनी लॅपटॉप उघडला

४ फेब्रुवारी, मंगळवार

लॅपटॉप पुन्हा बंद पडला. आज तिसऱ्यांदा. हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या वॉर्डचं चित्र निम्मं रंगून झालं होतं – खिडक्या, पलंग, भिंतीवरचा हिरवा पट्टा – आणि पडदा काळा!

आर्किटेक्ट बाईंना वीस तारखेला सबंध वॉर्ड हवाय. दारातून आत शिरून शेवटच्या पलंगापर्यंत चालत गेल्यासारखा. मागच्या वर्षी ऑफिस बंद झालं, तेव्हापासून घरी बसून जी कामं करतेय त्यातलं हे पहिलं मोठं. हे हातचं गेलं की पुन्हा दुकानांच्या फळ्या आणि स्वयंपाकघरांचे ओटे.

दुपारी चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. म्हणाला, ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय, नव्या सॉफ्टवेअरचा भार त्याला पेलत नाही. मग बदलून द्या, म्हटलं. त्यानं असं पाहिलं की जणू मी माणसाचं डोकं बदलून मागतेय. लॅपटॉपमध्ये ते बोर्डालाच चिकटवलेलं असतं, ताई, निघत नाही. नवीन घ्या.

नवीन यंदा तरी शक्य नाही. तसाच काखोटीला मारून घरी आणला. विटेएवढा जड.

५ फेब्रुवारी

जेवताना सगळं सांगितलं. नवरा फोनवर होता – परगावी बदली झाल्यापासून तो रोज जेवायला फोनवरच असतो. भंगारात दे, म्हणाला. ताट उचलता उचलता सासूबाईंनी एवढंच विचारलं, "त्यानं उघडून पाहिलं का?"

नाही, म्हटलं.

"मग त्याला काय माहीत?"

सासूबाई कारखान्यात होत्या, टीव्हीचे बोर्ड जोडायच्या. लेक झाली त्या सुमारास कारखाना बंद पडला, म्हणाल्या, आणि आमच्याकडे राहायला आल्या. मला एवढंच माहीत. अकरा वर्षं एका छताखाली राहतोय, मी याहून जास्त कधी विचारलं नाही. लिहिताना बरं वाटत नाहीये.

६ फेब्रुवारी

लेक शाळेत गेली आणि सासूबाईंनी जेवणाचं टेबल पुसून खिडकीशी ओढून घेतलं. आधी एका मोठ्या कागदावर लॅपटॉप पालथा ठेवून त्याची बाहेरची रेघ काढली. मग एकेक स्क्रू काढायचा आणि कागदावर तो जिथला तिथे चिकटपट्टीनं चिकटवायचा. लांब, आखूड, काळा, पांढरा. मी शेजारी उभी राहून वाद घातला – सगळे सारखेच दिसतात की! त्यांनी दोन उचलून माझ्या तळहातावर ठेवले. एक दुसऱ्यापेक्षा केसभर लांब. "लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतला बोर्ड फोडेल." मी चिकटपट्टीचे तुकडे कापून देऊ लागले.

चौदा स्क्रू. मागचं झाकण निघालं. नखानं पंख्याची तार सोडवली, उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी उचलली. तिच्याखाली वाळून कडक झालेला राखाडी लेप. आणि त्याखाली एक हिरवं कार्ड – सुटं! कडेला खाचेत बसवलेलं, दोन स्क्रूंनी धरलेलं. चिकटवलेलं अजिबात नाही.

मला नाचावंसं वाटत होतं. सासूबाई शांतपणे चष्मा पुसत होत्या. दुरुस्तीवाला खोटं नाही बोलला, म्हणाल्या, बहुतेक लॅपटॉपमध्ये तसंच असणार. हा जाडजूड आहे म्हणून आत जागा तरी ठेवलीय.

संध्याकाळी नवरा म्हणाला, आईला सांग, जोडताना चार स्क्रू उरवू नकोस. निरोप पोचवला. "त्याला सांग, त्याच्या सायकलचे उरले होते, ती त्यानंच जोडली होती."

७ फेब्रुवारी

कार्डावरचा नंबर भिंगातून वाचून दोघींनी उतरवून घेतला. जुन्या सुट्या भागांच्या एका विक्रेत्याकडे त्याच खाचेचं, दोन पिढ्या नवं कार्ड मिळालं. मागवलं.

११ फेब्रुवारी

फार वाईट दिवस.

कार्ड सकाळी आलं. सासूबाई दातांच्या डॉक्टरकडे गेलेल्या. मला धीर निघेना. नव्या कार्डामागची पत्र्याची पट्टी आपल्या लॅपटॉपमध्ये बसणारी नव्हती. ती काढून जुन्याची लावायची, हे त्यांनी समजावलं होतंच. मी पट्टीखाली स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि जोर दिला. तो सटकला. टिक्! मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी उडालं. कार्डावर दोन रिकामे ठिपके राहिले.

पाऊण तास नुसती बसून होते. गुपचूप परत पाठवावं, बिघडलेलंच आलं म्हणावं, असंही मनात येऊन गेलं. लिहून ठेवते, कारण ते आलं होतं.

त्या आल्या. मी सगळं सांगून टाकलं. आता बोलतील, म्हणून खाली मान घालून उभी. चपला काढत त्या म्हणाल्या, "कुठे बसली होतीस? तिथेच बस. आणि हलू नकोस."

खिडक्यांचे पडदे ओढले. टॉर्च जमिनीला आडवा टेकवला आणि एकेक फरशी बघत सरकल्या. प्रकाश आडवा पडला की कणाचीसुद्धा लांब सावली पडते. गुडघे दुखतात म्हणून ज्या खाली बसत नाहीत, त्या अर्धा तास फरशीवर! ब्रेडचा चुरा सापडला, लेकीच्या कानातल्याची फिरकी सापडली. तो कण सापडेना. मग मला बुजगावण्यासारखे हात पसरून उभं केलं आणि कुडत्याची घडी न् घडी तपासली. बाहीच्या दुमडीत होता.

मी रडायला लागले. त्यांनी कण काडेपेटीत ठेवला. म्हणाल्या, "लगेच सांगितलंस ते बरं केलंस. कारखान्यात लाइनवर पोरी चूक लपवायच्या, मग सबंध पेटी परत यायची."

१२ फेब्रुवारी

कारखान्यातल्या त्यांच्या मैत्रिणीकडून बारीक टोकाचं सोल्डरचं पेन आणलं, डाग देऊन जोडायचं. ती श्रवणयंत्रं दुरुस्त करते.

सकाळी अकरा, खिडकीचं ऊन. चष्म्यावर दोऱ्यानं बांधलेलं भिंग. मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल – मनगट टेकलेलं हवं, म्हणाल्या, हवेतल्या हाताचा भरवसा नाही. माझा भुवया कोरायचा चिमटा, त्यात तो कण. आधी श्वास पूर्ण सोडला. मग पेनचं टोक एका ठिपक्याला, मग दुसऱ्याला. धुराची एक बारीक रेघ. संपलं!

भिंगातून दाखवलं. जोडाची कड चकचकीत, थेंबासारखी उतरती. शेजारचे मशीननं केलेले जोड आणि हा – मला ओळखता येईना. त्यांना येत होता. "जरा जास्त लागलंय," म्हणाल्या. नाराज होत्या!

असे दिवसाला किती करायचात, विचारलं. चारशे बोर्ड. एकेका बोर्डावर तीस जोड. मी मनात गुणाकार करत बसले. त्या कांदा चिरायला गेल्या.

१३ फेब्रुवारी

चालू झाला! नवं कार्ड ओळखलं! वॉर्ड उघडला, भर्रकन फिरवला. दहा मिनिटांनी कार्डाच्या बाजूला हात ठेववेना आणि बंद.

मी तर डोक्याला हात लावला. सासूबाईंनी तो निवू दिला, पुन्हा उघडला. नव्या कार्डाचे मेमरीचे तुकडे जुन्यापेक्षा बुटके. तांब्याच्या नळीची उष्णता ओढणारी पट्टी त्यांच्यापर्यंत टेकतच नसणार, म्हणाल्या. पण फट किती, हे झाकलेल्या जागी कसं मोजायचं?

मेणबत्तीचं मेण बोटांनी मळून मऊ केलं, पातळ कागदात गुंडाळून त्याच्या गोळ्या त्या तुकड्यांवर ठेवल्या, पट्टी स्क्रूंनी आवळली, पुन्हा काढली. दाबलेलं मेण ब्लेडनं उचललं आणि त्याची जाडी मोजली. दीड मिलिमीटर. तुकडे आणि पट्टी यांच्यामधली, उष्णता पोचवणारी जुनी रबरी गादी अर्ध्या मिलिमीटरची.

हे कुठे शिकलात, विचारलं. कुठे नाही, म्हणाल्या, दातवाला परवा माझ्या दाताचा साचा घेत होता ना, तसं.

१५ फेब्रुवारी

दीड मिलिमीटरची गादी दुरुस्तीवाल्याकडेच मिळाली. काय करताय, म्हणाला. सांगितलं. दुकानाला कुलूप लावून माझ्याबरोबर घरी आला, खुर्चीच्या टोकावर बसून बघत राहिला. सासूबाईंनी गादी कापली, लेप लावला, चौदा स्क्रू कागदावरून जिथले तिथे. एकही उरला नाही. तीन तास चालवला. नुसता कोमट.

जाताना त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी उघडून बघत जा.

१८ फेब्रुवारी

काम, काम, काम. लेकीचा डबा, कपडे, दार – सगळं सासूबाईंकडे. मी नुसती वॉर्डात फिरतेय.

२० फेब्रुवारी

पाठवलं. वेळेआधी दोन तास.

२२ फेब्रुवारी

आर्किटेक्ट बाईंचा फोन. हॉस्पिटलवाल्यांना पसंत! पलंगावर निजलेल्या मुलाच्या डोळ्यांतून खिडकीबाहेरचं झाड दाखवलंय, ते तिथल्या डॉक्टरीणबाईंनी म्हणे पुन्हा लावून बघितलं. उरलेले दोन मजलेही मलाच.

पहिल्यांदा सासूबाईंना सांगितलं, मग नवऱ्याला. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, आता पंख्याची धूळ दर महिन्याला काढायची, विसरायचं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सोल्डरचं पेन परत द्यायला सासूबाईंच्या मैत्रिणीकडे गेले. तिनं बसवून घेतलं. तुझ्या सासूचा हात अजून तसाच आहे का, विचारलं. मग म्हणाली, "सगळ्या लाइनची मुख्य करणार होते तिला. ऑर्डरसुद्धा निघाली होती. आणि हिनं राजीनामा दिला. सून बाळंत झालीय, तिची नोकरी सुटायला नको, म्हणाली."

येताना बस सासूबाईंच्या त्या बंद पडलेल्या कारखान्यावरून गेली. फाटक उघडं होतं. दुपारची पाळी आत शिरत होती.