काढलं तितकंच घातलं

२ जून

आजपासून गाडीच्या तेलाबद्दल घरात कुणाचंही ऐकायचं नाही. गाडी माझी, निर्णय माझा.

कारण लिहून ठेवतो. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना गाडी धक्का देते. ऑटोमॅटिक असून! गिअरबॉक्सचं तेल बदलायला हवं. शेजारी बसणाऱ्याची मान हलते, आणि वीस तारखेला शेजारी आई बसणार आहे. वय ब्याऐंशी. दरवर्षीप्रमाणे घाट ओलांडून सुसामीरच्या कुरणावर, तिच्या भाच्याच्या लोकरी तंबूत, यूर्तमध्ये, दहा दिवस घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमीस प्यायला. कुरणावर घोड्या दूध द्यायला लागल्या की तिचं बिश्केकमध्ये लक्ष लागत नाही.

गेली तीन वर्षं तिला मेदेर नेतो. माझ्या बायकोचा, बुरुलचा, धाकटा भाऊ. पोचल्यावर आई सगळ्यांसमोर दोन्ही तळवे उघडून त्याला आशीर्वाद देते, तुझा रस्ता मोकळा राहो वगैरे. मी तेव्हा मागच्या सीटवरून उतरत असतो, हातात कलिंगड.

आज भर जेवणात जाहीर केलं, यंदा आईला मी नेणार. आई म्हणाली, बरं झालं रे बाबा, लेकाच्या गाडीतनं जायचं राहूनच जातंय की काय असं वाटायला लागलं होतं. मेदेर हसला. ते हसणं लक्षात ठेवलं आहे.

३ जून

गाडीबरोबर आलेलं पुस्तक जपानीत. चित्रांवरून सगळं समजलं. गिअरबॉक्स सीलबंद आहे. तेल बघायची पट्टीच नाही. वरच्या अंगाला भरायचा बोल्ट, तळाला काढायचा. विकणाऱ्याने तेव्हा सांगितलं होतं, हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. कुणाच्या आयुष्यभर ते विचारायचं राहिलं. गाडी वीस वर्षांची, मी साठचा.

संध्याकाळी मेदेर आला. बोलावलं नव्हतं. म्हणाला, दाजी, सीलबंद आहे तर उगाच हात घालू नका, माझ्या ओळखीच्या गॅरेजात लिफ्ट आहे, तापमान बघायचं यंत्र आहे, एका सकाळीत मोकळे व्हाल. मी म्हटलं, बत्तीस वर्षं भूमापन खात्यात काढली, अर्धी चुई दरी या हातांनी मोजली, मला चार लिटर तेल मोजता येणार नाही? तो म्हणाला, दाजी, दरी हलत नाही, तेल तापलं की फुगतं. पोरकट उत्तर.

दोन तास बसला. बुरुल त्याला चहा ओततेय ओततेय. अर्धा वाडगा, परत अर्धा, लाडक्या पाहुण्याला ओततात तसा, म्हणजे पुन्हा पुन्हा मागता यावा. मी डोळ्यांनी खुणावलं, एकदा काठोकाठ भरून दे, म्हणजे कळेल आणि उठेल. तिने न पाहिल्यासारखं केलं. सात वाडगे प्याला. मोजले.

५ जून

गॅरेजमधला गाडीखालचा खड्डा मोकळा करायचा होता. त्यात दोन पोती बटाटे आणि लोणच्याच्या एकतीस बरण्या. हिवाळ्यापासून तिथंच. बुरुल म्हणाली, अहो, खड्डा कशासाठी असतो तेच विसरलात तुम्ही, आणि आता मलाच बोलता. मी बोललो नव्हतो. फक्त बरण्या मोजत होतो.

पाठ धरली. उद्या विश्रांती.

७ जून

विश्रांती लांबली. तरी बाजारातून तेल आणलं. चार डबे, एकेक लिटरचे, लालचुटुक तेल. दुकानदार म्हणाला, पाच न्या, पातळी बघताना लागेल. विकायची कला! मी म्हटलं, जितकं निघेल तितकंच घालणार. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ज्ञानापुढे माणूस टिकत नाही.

८ जून, सकाळी १०

तळाचा बोल्ट एका झटक्यात उघडला. जुनं तेल काळंकुट्ट. खाली बुरुलचं जॅम शिजवायचं घमेलं ठेवलं. काम इतकं सोपं की गॅरेजवाले लोकांना लुटतात असं वाटलं.

८ जून, दुपारी ३

भरायचा बोल्ट हलत नाही.

८ जून, संध्याकाळी

शेजारच्या गॅरेजातले गेन्नादी पेत्रोविच वाकून बघून गेले. पंचाहत्तरीचे, आयुष्यभर ट्रक चालवला. म्हणाले, एसेनगुल, आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघायचा, मगच खालचा खोलायचा. विहिरीला दोर पोचतोय का ते बघण्याआधी घरातलं पाणी ओतून देतात का? मी म्हटलं, माझी पद्धत वेगळी आहे. म्हणाले, दिसतेच आहे.

बुरुलने घमेलं पाहिलं. आज बोलणं बंद आहे.

९ जून

बोल्ट जागच्या जागी. जपानी लोक बोल्ट फार घट्ट लावतात. हे कुणी लिहीत नाही.

१२ जून

तीन दिवस गंजावर औषध मारतोय. आज पान्हा सटकला, दोन बोटं सोलली. आईने पट्टी बांधली. तिची पिशवी दाराशी येऊन बसली आहे. शाल, औषधं, भाच्याच्या पोरांना खाऊ. रोज सकाळी विचारते, निघायचं ना रे? मी म्हणतो, निघायचं म्हणजे निघायचं. मग गॅरेजात जाऊन गिअरबॉक्सला नको नको ते बोलतो.

वाईट वाटतं. गाडीत तेलाचा थेंब नाही आणि म्हातारीने मोजेसुद्धा भरले.

१४ जून

गेन्नादी पेत्रोविचनी पान्ह्याला हातभर लांब पाइप अडकवला आणि बोल्ट सोडवला. दोन मिनिटं लागली. अर्थात मी सहा दिवसांत तो जवळजवळ ढिला केलेलाच होता. त्यांना तसं सांगितलं. हो हो म्हणाले.

१५ जून

मोजणी. घरातलं मापाचं भांडं बुरुल देईना. टवका उडालेला एक चहाचा वाडगा दिला, तो पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही म्हणून.

घमेल्यातलं जुनं तेल मी स्वतः त्या वाडग्याने मोजून कॅनमध्ये ओतलं. वाडगा प्रत्येक वेळी काठोकाठ, वर फुगवटा येईपर्यंत. बरोबर पंधरा. खात्यात असतो तर यावर शिक्का मारला असता.

मग भरणं. माझ्या बोटांना पट्टी, नवं तेल सांडायला नको. म्हणून बुरुलला बसवलं. तिचा हात स्थिर, चाळीस वर्षं चहा ओतून तयार झालेला. ती डब्यातून वाडग्यात आणि वाडग्यातून नरसाळ्यात ओतत होती, मी खड्ड्यात नळी धरून मोजत होतो. एक थेंब सांडला नाही. पंधरा! बोल्ट बंद.

चारांपैकी दोन डबे उरले. सीलसुद्धा फोडलं नाही. म्हणजे दुकानदार माझ्या गळ्यात दुप्पट तेल मारत होता. हे लोक देश बुडवतील.

१६ जून

चाचणी. गल्लीतून दोन फेऱ्या. धक्का गेला! आता गिअर घ्यायला गाडी थोडा वेळ घेते. रेटावं लागतं, मग हळूच घेते. विचार करून घेते. वयाला शोभतं. खालून बारीक गुणगुणतेही.

मेदेर आला. म्हणाला, दाजी, पातळी पाहिली का? इंजिन चालू ठेवून, गाडी जराशी गरम करून, खालचा पातळीचा छोटा बोल्ट उघडायचा, बारीक धार आली तर बरोबर, नाही आली तर धार येईपर्यंत घालत राहायचं. मी म्हटलं, काढलं तितकंच घातलं, याहून अचूक मोजमाप या पृथ्वीवर नाही. म्हणाला, पण दोन लिटर उरलं कसं? मी म्हटलं, अचूकतेमुळे.

ते दोन डबे त्यालाच भेट दिले. मनाचा मोठेपणा असावा माणसाकडे. त्याने ते लगेच व्हॅनमध्ये ठेवले.

१९ जून

गाडी धुतली. आईच्या सीटवर उशी. पोचल्यावर ती तळवे उघडेल तेव्हा मी पुढून उतरणार. हातात कलिंगड नसणार.

कळलं की मेदेरही उद्याच सुसामीरला निघतोय. म्हणे योगायोग. बुरुल खिडकीतून बाहेर बघत होती.

२० जून, सकाळी ११, कारा-बाल्टा

उत्तम. आई पुढे, बुरुल मागे. रस्त्याकडेच्या प्रत्येक पॉपलरच्या झाडाकडे बघून म्हणतेय, माझ्या एसेनगुलची गाडी काय मऊ चालते. मागे आरशात मेदेरची व्हॅन. दिसू नये म्हणून आरसा वळवला.

२० जून, दुपारी १:१५, तो-आशू घाट

चौथ्या वळणापासून इंजिन ओरडतंय पण गाडी चढत नाही. मालट्रक पुढे गेले. एक गाढव पुढे गेलं. मग जळका वास, आणि थांबली.

आई म्हणाली, थकली असेल, थोडं बसू दे तिला.

२० जून, दुपारी २

मेदेर आला. त्याच्या व्हॅनमध्ये माझे दोन डबे. म्हणे, ठेवले होते, लागतील म्हणून. तोवर गाडी निवायला हवी, म्हणून रस्त्याकडेलाच बसलो. बुरुलने थर्मास काढला आणि सगळ्यांना चहा ओतला.

मेदेरने हातातल्या वाडग्यात पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाला, दाजी, तेल ताईने ओतलं होतं का?

मी माझ्या वाडग्यात पाहिलं. अर्धा.

बुरुलचा हात तोंडावर गेला. म्हणाली, अगं बाई, काठोकाठ कसं ओतणार मी? माझ्या हाताला येतच नाही तसं! आई हसायला लागली ती थांबेचना, डोळ्यांतून पाणी. म्हणाली, सुनेने गिअरबॉक्सला पाहुणा समजलं रे, लाडका पाहुणा!

नोंद करून ठेवतो, यात मोजणी चुकलेली नाही. पंधरा म्हणजे पंधराच होते.

२० जून, दुपारी ४

दोन्ही डबे घातले. मेदेरच्या पद्धतीने, बारीक धार येईपर्यंत. फार उशीर झाला होता. गाडी पुढे जात नाही. रिव्हर्स मात्र उत्तम आहे.

रिव्हर्समध्येच रस्त्याकडेला कुमीस विकणाऱ्या एका बाईच्या टपरीशेजारी लावली. आईने पिशवी घेतली, उशी घेतली, आणि मेदेरच्या व्हॅनमध्ये पुढे जाऊन बसली. जाताना माझ्या गाडीच्या बॉनेटवर एकदा हात फिरवला. ती हसत होती तोवर बरं होतं.

मी मागे बसलो. मांडीवर कलिंगड.

२० जून, संध्याकाळी ७, सुसामीर

पोचलो. आईने सगळ्यांसमोर तळवे उघडले. तुझा रस्ता मोकळा राहो, मेदेर. मीही तळवे उघडले होते, तोंडावरून फिरवले, आमीन म्हटलं.

मग यूर्तमध्ये चहा. आज चहा मी ओतते, असं म्हणत आईच चहाच्या समोवारपाशी बसली. म्हणाली, एसेनगुल, गाडी घाटात एकटी आहे, कुणीतरी तिच्याजवळ असायला हवं. आणि माझा वाडगा भरला. काठोकाठ, वर फुगवटा येईपर्यंत. बुरुल खाली मान घालून नान तोडत राहिली.

आईला हल्ली नीट दिसत नाही. त्यामुळे जास्त ओतलं गेलं असेल.

मेदेरचा मात्र तिन्ही वेळा बरोबर अर्धा भरला.