आक्काताई, सूर्य आणि घारापुरीची बोट

सांगली, बुधवार सकाळ
(दुकान अजून उघडलेलं नाही)

राजमान्य राजेश्री लालासाहेब यांना तवनाप्पाचा जयजिनेंद्र आणि त्याच दमात रामराम.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुमचा रक्तदाब काय म्हणतो ते कळवा. मागे फोनवर तुम्ही कुरकुरत होता, की मुंबईहून सुट्टीला आलेली लेक तुमच्या तब्येतीच्या नावाखाली शेंगदाण्याच्या चटणीत लसूण पडू देत नाही, आणि असली चटणी फौजेतसुद्धा कुणी वाढली नव्हती. तेव्हा मी तुमची बाजू घेतली होती. ती आता मागे घेतो. आणि हे सगळं फोनवर का सांगितलं नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्राला मध्येच 'आवं आप्पा, माझं ऐका की' म्हणता येत नाही, एवढाच माझा फायदा.

तर गेल्या आठवड्यात मी आणि आक्काताई, आम्ही उभयता लेकाकडे, सन्मतीकडे मुंबईला गेलो होतो. आक्काताईने त्याच्यासाठी पिशवीत लाडू आणि दोन स्थळांचे फोटो नेले होते. लाडू त्याने संपवले. फोटोंचं नाव काढलं की म्हणायचा, आधी आपण घारापुरीला जाऊन येऊ. आता आक्काताईचं आणि बोटीचं कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तिने जवळून बोट पाहिली ती महापुरात, आमच्या माडीच्या खिडकीला लागलेली. त्यामुळे बोट म्हटलं की ती आधी घरातलं सोनं कुठे आहे ते बघते. तिला तयार करायला मी एवढंच सांगितलं, की बेटावर डोंगर आहे, पायऱ्या आहेत, लेणी आहेत आणि आत पुरातन मोठ्या मूर्ती आहेत. (यात एक अक्षर खोटं असेल तर दाखवा.) पण दरसाल बाहुबलीचा डोंगर चढणाऱ्या बाईला एवढं पुरलं. आपण क्षेत्राला निघालो, अशी तिची समजूत झाली, आणि दर्शन होईपर्यंत तोंडात घास घालायचा नाही असं तिने परस्पर ठरवून टाकलं. दशम्यांचा डबा माझ्या खांद्याला.

गेटवेवर सन्मतीच्या ऑफिसातली एक मुलगी भेटली. योगायोगाने, असं सन्मती म्हणाला. (योगायोगाच्या पाठीवर भलीमोठी पिशवी होती आणि हातात आम्हा चौघांची तिकिटं होती.) मुलगी गोड, बोलायला मऊ. नाव मुद्दामच लिहीत नाही. तिने आक्काताईला बोटीत चढताना हात दिला, आणि आक्काताईने तो उतरेपर्यंत सोडला नाही. समुद्राच्या भीतीने धरला असणार, असं मी तेव्हा समजलो.

बेटावर पायऱ्यांपाशी आक्काताईने चपला काढल्या आणि टोप्या विकणाऱ्या एका बाईजवळ ठेवल्या. क्षेत्राचा डोंगर चपला घालून कसा चढायचा? डोलीवाले मागे लागले, त्यांना तिने सावलीत बसा म्हणून सांगितलं. उन्हाने तापलेल्या पायऱ्या ती अनवाणी चढली, आणि लाज वाटून मला आणि सन्मतीलाही चपला काढाव्या लागल्या. त्या मुलीने मात्र कुणी सांगायच्या आत काढल्या होत्या. वर जाऊन आक्काताईने एकेक लेणं तीर्थंकरांच्या मूर्तीसाठी धुंडाळलं. शेवटी एका गाइडला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, आजी, हे सगळं महादेवाचं आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. लालासाहेब, तुम्ही सीमेवर गोळीबार पाहिला असेल, पण ही नजर पाहिलेली नाही. मग ती तीन मुखांच्या त्या मोठ्या मूर्तीपुढे शांतपणे हात जोडून उभी राहिली, आणि बाहेर येऊन म्हणाली, आता डबा काढा.

मी डबा काढला. तो माझ्या हातात फार वेळ राहिला नाही. तिथली माकडं आपल्याकडच्यासारखी लाजरी नाहीत. एकाने डबा उचलला, दुसऱ्याने झाकण उघडलं, आणि सगळ्या आळीने मिळून दशम्या खाल्ल्या. आक्काताई बाहेरचं काही खात नाही आणि दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाही, म्हणजे आता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कडकडीत उपास. वर परतीच्या बोटीला ही रांग. बोट निघाली आणि समुद्राच्या मधोमध इंजिन बंद पडलं. आक्काताईचा चेहरा उतरला. माझ्याच चलाखीने बाई दिवसभर उपाशी राहिली होती, आणि समोर सूर्य मुंबईच्या दिशेने घाईघाईने उतरत होता.

तेवढ्यात मुलीने पिशवीतून डबा काढला. म्हणाली, "काकू, मगाशीच काढणार हुते. पण माझ्या हातचं तुमी खाल का न्हाई, भ्या वाटलं." (मुंबईची भाषा घाबरल्यावर टिकत नाही.) आत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. शेजारी घरून गाळून आणलेल्या पाण्याची बाटली. आक्काताईने एवढंच विचारलं, "चटणीत?"

"लसूण न्हाई. आलं न्हाई. कांदा घरातच ठेवत न्हाई मी आता."

आणि नेमका तेव्हा सूर्य एका उंच बिल्डिंगमागे गेला. मावळला की नाही? सगळ्या डेकवर वाद पेटला. एक गुजराती काका म्हणाले, दिसत नाही म्हणजे मावळला. सन्मतीने मोबाइलवर वेळ दाखवली. आक्काताईने कुणाचंच ऐकलं नाही. ती बिल्डिंगीच्या कडेकडे बघत राहिली. इंजिन सुरू झालं, बोट जराशी वळली, आणि तो लालभडक गोळा दोन बिल्डिंगींच्या मधून परत बाहेर आला. "हाय अजून," ती म्हणाली, आणि भाकरी मोडली. लालासाहेब, डोळे पुसायला मी समुद्राकडे तोंड केलं. तिने अख्खी भाकरी खाल्ली, पाणी प्याली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

मुलीचं उत्तर ऐकून मी बोटीतून पडायचाच बाकी होतो. असो. वहिनींना नमस्कार. दुकान उघडायची वेळ झाली.

तुमचा,
तवनाप्पा

ता. क. : उत्तर लिहायचं राहिलं. ती म्हणाली, "कोरेगावच्या लालासाहेबांची. आप्पाकाका ज्यांची हळद घेतात, त्यांची." तुमच्या बदल्यांच्या पायी मी प्रियदर्शनीला शेवटचं पाहिलं ते ती शाळेत असताना, म्हणून ओळखलं नाही. तेव्हा ती चटणी तुमच्या रक्तदाबासाठी नव्हती. पोर तुमच्यावर सराव करत होती.

दुसरा ता. क. : रविवारी आम्ही दोघं कोरेगावला रीतसर मागणी घालायला येतो आहोत. तुमची जात वेगळी, आमचा धर्म वेगळा, भाऊबंद दोन्हीकडे बोलतील, हे सगळं मला कळतं. तुम्ही नाही म्हणालात तरी हळद मी तुमचीच घेईन. पण नाही म्हणू नका.

तिसरा ता. क. : पाकीट बंद करता करता आक्काताईने हे लिहायला लावलं. "पोरीला सांगा, माहेरी आली की बापाच्या चटणीत लसूण घालत जा. आमची काय हरकत न्हाई." तुमच्या घराला तिने आजच माहेर म्हटलं आहे.