कुंपण आधी, जनावर मागून

प्रिय चिमणे,

पन्नाशीला टेकलीस तरी मला हेच नाव सुचतं, त्याला इलाज नाही. तुझा फोन आला की मी ‘हो, बरी आहे’ म्हणते आणि ठेवून देते. मग तुला वाटतं, आई काहीतरी लपवतेय. लपवत काही नाही गं. फोनवर पटापट बोलावं लागतं, आणि माझे शब्द हल्ली बैलगाडीनं येतात. म्हणून कागद घेऊन बसले. शाळा मी बाहेरूनच पाहिलेली, अक्षरं शिकले ती तुझ्या पाटीवर तुझ्या मागून गिरवून. तेव्हा कोंबडीचे पाय उमटले तर तेवढं पोटात घाल.

तू जाताना सांगून गेलीस ते मी विसरलेले नाही. आई, सकाळी उठून ज्याला वैरण-पाणी घालावं लागेल असं काहीतरी जिवंत घरात आण, म्हणजे मी तुला इथं एकटी राहू देईन. नाहीतर महिनाअखेरीला गाडी आणि खोकी घेऊन येते, घराला कुलूप लावू आणि तू माझ्याकडे चल. मी मान डोलावली होती. तू कडेवर घेऊन जाते म्हणाली असतीस तरी मी तेव्हा मान डोलावली असती. पण सौदा रास्त होता. मागचं कुरण तयार आहे, गवत गुडघ्याला लागलंय, नुसतं जनावर ठरवायचं. म्हणून मी ठरवायला निघाले. सगळीकडे जाऊन आले, सगळ्यांना विचारलं. त्याचीच हकिगत लिहिते.

आधी कुंपणाचं सांगते, कारण घोडं तिथंच अडलंय. तुझ्या बाबांनी आयुष्यभर लोकांची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडल्या, पण आपल्या कुरणाला हात लावला तो हातात काम उरलं नाही तेव्हा. जनावर कोणतं आणायचं यावर आमचं रोज भांडण. मी म्हणे शेळ्या, ते म्हणत घोडं. मी म्हणे, घोड्यावर बसणार कोण, तुमचे गुडघे? भांडण मिटेना, तेव्हा ते म्हणाले, कुंपण तर घालून घेऊ, जनावर काय मागून येईल. पाइप आणले, खांब रोवले, आणि वरचा पाइप जोडायच्या आधी मला हाक मारली. मी कणकेच्या हातानं गेले. मला खांबाशी उभं केलं, माझा हात कोपरात दुमडला आणि कोपराखाली खडूची खूण केली. मग स्वतः उभे राहिले, त्यांची खूण दोन बोटं वर आली. म्हणाले, तुझीच धरू, मी वाकेन. झालं, त्या उंचीवर सगळं कुंपण. पाइपही दोनच, एक कोपराला आणि एक पाय टेकवायला. शेवटचं फाटक रंगवून झालं आणि पुढच्याच आठवड्यात ते गेले.

आता जो येतो तो कुंपण बघून हसतो. शेळीवालीला बोलावलं होतं. तिनं एक चक्कर मारली आणि पदर तोंडाला लावला. काकू, हे कुंपण आहे की गॅलरीचा कठडा? माझी शेळी वरून जाईल, करडू खालून जाईल, तुमच्याकडे राहील ती लेंडी. मी म्हटलं, जाळी लावू. ती म्हणाली, लावा, ती जाळीवर चढेल. शेळी म्हणजे चार पायांची चौकशी, तिला पलीकडे काय आहे ते कळल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. बाई मोठी गोड. जाताना टोपलीतून आणलेलं, पहाटेच जन्मलेलं करडू माझ्या मांडीत ठेवलं. ओलसर, नुसत्या हाडांचं, कान अजून उलगडलेले नाहीत. ते माझं बोट चोखायला लागलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, की म्हातारी आता विरघळेल. दात काढायच्या आधी सुई देतात ना, मग आपल्याच गालाला बोट लावलं तर गाल कळतो पण आपला वाटत नाही, तसं झालं. छान आहे हो, म्हटलं आणि परत दिलं. तिचं तोंड उतरलं, त्याचं वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

मेंढ्यांचं जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजी, मेंढी जन्माला येते तीच मरायचं निमित्त शोधत. पाऊस लागला, मेली. पाऊस नाही लागला, मेली. मी म्हटलं, मग नको, आमच्या घरात निमित्तं बरीच झाली. ते हसायला गेले, मग ओशाळले आणि फी न घेताच गेले. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणतात हंस पाळा, राखणही होते. त्यांच्या हंसानं त्यांच्याच जावयाला तासभर न्हाणीघरात कोंडलं होतं, तो किस्सा त्या अभिमानानं सांगतात. त्या मला भेटायला येऊन बसल्या तेव्हा मी चहा केला. मी माझा कप संपवला, त्यांनी एक घोट घेतला आणि थेट मोरीकडे धावल्या. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. बाई गं, तू अख्खा कप प्यायलीस? म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या. प्यायले होते खरी. गरम होता एवढं कळलं होतं.

आणखी एक लिहून टाकते, म्हणजे तुला दुसऱ्याकडून कळायला नको. मी रडलेले नाही. लोक म्हणतात, घट्ट मनाची आहे. मन घट्ट नाही आणि पातळही नाही, कुठं आहे तेच सापडत नाही. सकाळी उठते, दोन कप उतरवते, एक परत ठेवते. दिवस जातो. संध्याकाळी कुंपणाशी जाऊन गवताकडे बघते. ते वाढतंय. एवढंच.

मग कोणीतरी म्हणालं, त्या कुंपणाला गाढव चांगलं. ते उडी मारत नाही, वाकत नाही, मिळेल ते खातं. मला हसू यायला हवं होतं. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, घरात एक असताना दुसरं कशाला. म्हणून परवा वीटभट्टीवर गेले. भट्टीवाल्याकडे दोन गाढवं, विटा वाहून म्हातारी झालेली, आता नुसती सांभाळलेली. त्यातला नर त्याच सकाळी मेला होता. ओट्याशी आडवा पडलेला आणि गाढवीण त्याच्याजवळ उभी. मेलेलं जनावर न्यायची गाडीही येऊन थांबलेली. ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता, मला आणखी चार ठिकाणी जायचंय मालक, ओढा तिला बाजूला. भट्टीवाला ढिम्म हलेना. म्हणाला, थांब रे बाबा, चहा घे, तिचं अजून झालेलं नाही. मला म्हणाला, बसा आजी, विटांवर सावली आहे. मग त्यानंच सांगितलं, मागे एकदा घाई केली होती, जोडीतलं एक मेलं आणि दुसऱ्याला दोरी लावून ओढून आत बांधलं. ते महिनाभर फाटकाकडे तोंड करून ओरडत राहिलं, चाऱ्याला तोंड लावेना. त्याला कळलंच नव्हतं की ते मेलंय. त्याला वाटलं, कुठंतरी गेलंय, येईल. तेव्हापासून आमच्याकडे कुणी ओढत नाही.

मी बसून राहिले. गाढविणीनं त्याला हुंगलं. नाकानं मानेला ढकललं. मग लांब जाऊन चार काड्या खाल्ल्या, परत आली, परत उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न बंद केला आणि बिडी पेटवली. खूप वेळ गेला. मग कोणी हाकललं नाही, बोलावलं नाही, ती आपली आपण वळली आणि पाण्याच्या टाकीकडे गेली. घोट घोट पाणी प्यायली. तेव्हा भट्टीवाला उठला आणि ड्रायव्हरला म्हणाला, आता ने.

चिमणे, मी काही गाढवीण ठरवून आले नाही. शेळी नाही, मेंढी नाही, हंसही नाही. सौद्यातली माझी बाजू पुरी झालेली नाही आणि महिनाअखेरीपर्यंत होणारही नाही, हे सांगायलाच पत्र लिहिलंय. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात तुझ्या बाबांना गाडीत घातलं तेव्हा तू माझा दंड धरलास आणि ‘आई, तू नको बघूस’ म्हणत मला आत नेलंस. मायेपोटीच नेलंस, माझ्या मनात काडीचा राग नाही, तूही मनात काही धरू नकोस. पण माझं बघायचं राहून गेलं गं. ते मी आता रोज संध्याकाळी थोडं थोडं बघते, त्यांनी जिथं हात फिरवला त्या पाइपाशी, त्या गवतापाशी. लोकांना वाटतं म्हातारी नुसती उभी आहे. उभी राहू दे. माझं झालं की मी वळेन, मग तुझ्याकडे येईन किंवा इथंच काहीतरी पाळीन, जे असेल ते मीच सांगेन. महिनाअखेरीला तू ये, जरूर ये. खोकी मात्र आणू नकोस. आलीस की दंड धर, माझ्या शेजारी उभी राहा, फक्त आत नेऊ नकोस.

तुझीच,
आई