पंचाहत्तर युरोचा व्हिसा

॥ ॐ नमः शिवाय ॥

लातूर,
६ जानेवारी २०२५

चि. सौ. अंबिकास,
माणिकप्पाचे अनेक आशीर्वाद.

इकडं आम्ही तिघं बरे आहोत. तू जर्मनीला गेल्यापासून आज चौदा महिने झाले, असं तुझी सासू सकाळीच म्हणायली. फोनवर तू बोलतीस त्यातलं अर्धं मला ऐकू येतं, अर्धं मी मनानं लावतो. तीस वर्षं दाळमिलमध्ये फिटरकी केली, कान तिथंच ठेवून आलो. म्हणून हे पत्र.

शिवकुमारला तुझ्याकडं यायचा व्हिसा केवढ्याला पडतो, हे मी त्याला दिवाळीपासून विचारायलोय. शेवटी परवा त्यानं सांगितलं, साडेचार लाख. मी चार ठिकाणी चौकशी केली. आपल्या शेजारच्या करीमभाईंची इकरा इंग्लंडला नवऱ्याकडं गेली, तिची फी आणि तिथल्या दवाखान्याचा सरकारी कर मिळून सहा लाखाच्या जवळ गेलं. धर्माबादच्या व्यंकटरावांची लेक ऑस्ट्रेलियाला, तिला पाच लाखाच्या वर. त्यांचाच पुतण्या कॅनडात बायकोजवळ गेला, त्याला मात्र पाऊण लाखच. सगळीकडं नवरा-बायकोच, लग्नाचं सर्टिफिकेटही तसलंच. मग एका देशात पाऊण लाख आणि दुसऱ्यात सहा लाख कसे, ते मला उमजंना. व्यंकटरावांनाही उमजलं नाही. आम्ही दोनदा चहा घेतला आणि उठलो.

तू काळजी करू नको. उमरीचा आपला प्लॉट तिथल्या केरबाला विकायचं ठरवलंय. शिवकुमारला अजून बोललो नाही, सगळं जमल्यावरच सांगीन.

तुझी सासू शिवम्मा विचारती की फोटोत तू वाळलेली का दिसतीस, आणि रात्री नुसता पाव खाऊन माणूस झोपतो कसा. उत्तर दे.

तुझा,
माणिकप्पा


कासेल,
२४ जानेवारी २०२५

ती. मामा व आत्यांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी गोंधळून गेले. मामा, या व्हिसाची फी पंचाहत्तर युरो आहे. आपले जेमतेम सात हजार रुपये. मला वाटलं मीच चुकतेय, म्हणून वकिलातीचा कागद तीनदा वाचला. कागदांचं भाषांतर, विमा, मुंबईला जाणं-येणं असे वरचे खर्च आहेत, पण ते ओढूनताणूनही लाखावर जात नाहीत. बाकीच्या देशांचं मलाही कळत नाही. माझ्याबरोबरची केरळची नर्स म्हणते, प्रत्येक देश आपल्या मनाला येईल तो आकडा लावतो.

इथं पैशापेक्षा भाषा अवघड आहे. नवऱ्याला अगदी पहिल्या पायरीची जर्मन परीक्षा पास व्हावी लागते. यांनी ऑक्टोबरमध्ये पुण्याला जाऊन ती दिली. पेपर बरा गेला, निकाल यायचाय, असं मला कळवलं होतं. माझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांचे निकाल पंधरा दिवसांत आले.

साडेचार लाख यांना मागितले कोणी? एखाद्या एजंटाच्या तावडीत तर सापडले नाहीत ना? मी विचारलं असतं, पण हे फोन उचलतच नाहीत. रिंग वाजते, बंद होते, आणि मेसेज येतो की दुकानात गर्दी हाय. रात्री नऊ वाजता मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कसली गर्दी असते?

कृपा करून केरबांकडून इसार घेऊ नका.

आत्यांना सांगा, पाव नाही, भातच खाते. वाळले नाही, कोट मोठा आहे.

आपली,
अंबिका


लातूर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अंबिकास आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. केरबाचा इसार मी २६ तारखेलाच घेतला होता.

शिवकुमारला जेवताना विचारलं. तो म्हणाला, जर्मनीवाले रोज भाव बदलतात. मी म्हणालो, ती काय तूर हाय? तर ताट तसंच ठेवून दुकानात निघून गेला. मग मी शिकवणी वर्गांच्या गल्लीतल्या व्हिसावाल्याकडं गेलो. त्यानं शिवकुमारला कधी पाहिलेलंच नाही. वर म्हणाला, पंचाहत्तर युरोच्या कामासाठी मी खुर्चीतून उठतही नाही.

म्हणजे पैसे कोणी मागितले नाहीत, कोणी घेतले नाहीत. तू खोटं बोलणारी नाहीस, तोही नव्हता. मग हे साडेचार लाख आले कुठून? तुझ्या सासूच्या मनात भलतंच येतंय, ते मी लिहीत नाही. देवळात जाऊन आली की तेवढ्यापुरती गप्प बसती.

तूच त्याला लिही. बापापुढं तो मान खाली घालतो, आणि खाली घातलेल्या मानेला काय विचारावं?

तुझा,
माणिकप्पा


कासेल,
२ मार्च २०२५

श्री. शिवकुमार यांस,
स. न. वि. वि.

असा मायना मी तुम्हाला कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण कोणत्या नात्यानं लिहू, तेच सध्या समजत नाही.

मामांनी तुमच्यासाठी प्लॉट विकायला काढला, हे आतापर्यंत कळलंच असेल. जी रक्कम कोणी मागितलीच नाही, ती भरायला. आत्या देवळाच्या खेपा घालतात. आणि मी इथं ड्यूटीवरून आले की फोन लावते, चार रिंग ऐकते, ठेवून देते. गेल्या सहा महिन्यांत तुमचा आवाज मी मोजून दोनदा ऐकला. दोन्ही वेळा मी काही विचारलं आणि तुम्ही भलतंच उत्तर दिलंत. थंडी फार आहे म्हणाले, तर तुम्ही हाव, आईला सांगतो म्हणालात. मला वाटलं, मन दुसरीकडे आहे.

यायचं नसेल तर तसं सांगा. मी रडेन, पण मग निदान कशासाठी रडतेय ते कळेल. परीक्षेचं काय झालं, आणि साडेचार लाख कुठून आले, या दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. मेसेज नको. कागदावर लिहा.

अंबिका


लातूर,
२० मार्च २०२५

प्रिय अंबिका,
स. न. वि. वि.

कागदावर लिहायलोय. कागदावरच मला जमतं.

मी परीक्षेत दोनदा नापास झालो. ऑक्टोबरात आणि परत डिसेंबरात, तुला न सांगता. वाचायचं, लिहायचं सगळं येत होतं. लिहिण्यात तर पंचवीसपैकी एकवीस पडले. पण एक भाग असतो, त्यात टेप लावतात. बाई काहीतरी बोलती, त्यावरून खुणा करायच्या. मला नुसती गरगर ऐकू आली. बाजूची एकोणीस वर्षांची पोरगी भराभर खुणा करायली होती आणि मी तिच्या हाताकडं बघत बसलो.

मला ऐकू येत नाही, अंबिका. दोन-अडीच वर्षं झाली. समोर बसलेल्या माणसाचे ओठ दिसले की भागतं. फोनवर ओठ नसतात. तू काय म्हणतीस ते कळत नाही आणि परत-परत विचारायची लाज वाटती, म्हणून उचलत नाही. थंडीचं तू बोललीस ते आत्ता तुझ्या पत्रात वाचलं.

कोणाला सांगू? पेचकसाचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग गेलंय का सांगणारा म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडं येतं. आता मी कान लावायचं सोंग करतो आणि हातानं थरथर ओळखतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सद्दामला कळलंय, करीमचाचांच्या पोराला. तो बोलत नाही. पण बाजारात कळलं तर दुकान संपलं. आणि तिकडं आलो, भाषा नाही, कान नाही, तर मी तुझ्या घरात नुसता बसून राहायचं का, हाही विचार येतो.

अप्पा रोज विचारायचे, व्हिसा केवढ्याला. करीमचाचांचे सहा लाख मला माहीत होते, म्हणून त्याच्या थोडं खालचा आकडा बोललो. वाटलं, ऐकून गप्प बसतील. ते प्लॉट विकतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इसार घेतल्याचं कळलं त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर बसलेलो नाही.

यायचं नाही असं नाही. यायचं हाय का, हेही नीट सांगता येत नाही. तुझ्याजवळ यायचं हाय, एवढं कळतं.

तुझा,
शिवकुमार


कासेल,
५ एप्रिल २०२५

प्रिय अहो,
स. न. वि. वि.

पहिल्यांदा पत्र वाचून मला तुमचा इतका राग आला, की मी इस्त्री करत होते ती तशीच चालू ठेवून बाहेर गेले. माझा एक गणवेश जळला. सहा महिने मी स्वतःला विचारत होते की माझं काय चुकलं. तुम्ही चार ओळी लिहिल्या असत्या तर तो प्रश्न मला पडला नसता. हा राग जायला वेळ लागेल, हे सांगून ठेवते.

दुसऱ्यांदा वाचून मी रडले. मी नर्स आहे. वॉर्डात म्हातारी माणसं मान डोलावतात तेव्हा त्यांना ऐकू आलेलं नाही हे मला चटकन कळतं. घरच्या माणसाचं कळलं नाही.

आता माझं ऐका, म्हणजे वाचा. कानाच्या डॉक्टरकडे जा, तपासणीचा आलेख घ्या आणि सर्टिफिकेट मागा. तसं सर्टिफिकेट दिलं तर परीक्षेत वेगळी सोय करतात, मी इथून विचारून घेतलंय. मशीन लागलं तर लावा. बाजाराला काय म्हणायचं ते म्हणू दे. चष्मा लावून वायर गुंडाळणाऱ्याकडे गिऱ्हाईक येतंच ना?

आणि घरात नुसतं बसण्याबद्दल. मी इथं आल्यावर पहिले पाच महिने लोक बोलायचे आणि मी हसून मान डोलवायची. एका आजोबांनी पाणी मागितलं, मी खिडकी उघडली. हे मी तुम्हाला कधी कळवलं नाही. सगळं छान चाललंय असंच कळवत राहिले. तेव्हा लपवण्यात मीही काही कमी नाही.

मामांना मी काही लिहिणार नाही. ते तुम्ही समोर बसून सांगायचं. त्यांनाही ऐकू येत नाही, तेव्हा मोठ्यानं सांगावं लागेल, शेजारीही ऐकतील. ऐकू द्या.

राग आणि बाकीचं सगळं धरून तुमचीच,
अंबिका


॥ ॐ नमः शिवाय ॥

लातूर,
३० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अंबिकास,
माणिकप्पाचे आशीर्वाद.

शिवकुमारचा पासपोर्ट आला, आत व्हिसा चिकटवलेला हाय. पुण्यातल्या परीक्षेत चौसष्ट पडले, हे तुला त्यानं त्याच दिवशी सांगितलंच. सर्टिफिकेट पाहून त्याला वेगळं बसवलं आणि वेळ वाढवून दिला. फी पंचाहत्तर युरोच घेतली. मी पावती स्वतः पाहिली तेव्हा खरं वाटलं.

एप्रिलमध्ये त्यानं मला सगळं सांगितलं तेव्हा ओरडून सांगावं लागलं. करीमभाई भिंतीपलीकडून धावत आले, त्यांना वाटलं भांडण लागलं. मी काय बोललो ते मला आठवत नाही. शिवम्मा म्हणती की मी त्याच्या कानाला हात लावून बसलो होतो. प्लॉटचा व्यवहार मोडला नाही. केरबाला शब्द दिला होता. त्यातून त्याचं मशीन आलं. मलाही घे म्हणत होता. मी म्हणालो, चौऱ्याहत्तर वर्षं ऐकलं तेवढं पुष्कळ झालं.

मशीन कानात दिसतं, पण गिऱ्हाईक तुटलं नाही. दुकान आता सद्दाम बघणार. मी सकाळी जाऊन बसतो.

एक गोष्ट तुला सांगतो, त्याला सांगू नको. वर्षभर मीच मागं लागलो, जा म्हणून. पण ज्या दिवशी तो कागद घेऊन मुंबईला गेला, त्या दिवशी दुकानात बसून माझ्या मनात आलं, वकिलातीनं नाही म्हणावं. एखादा कागद कमी पडावा, परत यावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला, काम झालं म्हणाला, तर मी पेढे आणायला धावलो. यातला खरा मी कोणता, ते मला अजून कळंना. शिवम्माला विचारलं, तर ती म्हणाली, दोन्ही. आणि भाकरी थापत राहिली.

९ डिसेंबरला हैदराबादहून विमान हाय. आम्ही दोघं विमानतळापर्यंत जाणार.

आणखी एक. डॉक्टर म्हणाले, त्याचा डावा कान मशीननंही फारसा उघडत नाही. तो हे तुला सांगणार नाही. तेव्हा रस्त्यानं चालताना तू त्याच्या उजव्या बाजूनं चाल.

तुम्हा दोघांची माया इकडं वळती असू दे.

तुझा,
माणिकप्पा