मुळात मला ताण येतच नाही

३ जून, सोमवार. सकाळी ९.१०
दोन दिवसांचं ताण-व्यवस्थापनाचं शिबिर उरकून आलो. ही वही तिथेच मिळाली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज लिहा, कुणाला दाखवू नका आणि स्वतःशी खोटं बोलू नका. पहिल्या दोन गोष्टी जमतील. तिसरीचा प्रश्नच येत नाही.

मला का पाठवलं, ते नोंदवून ठेवतो. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रार विभागाचा प्रमुख. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की फोन आमच्या खोलीत वाजतो आणि आम्ही मेकॅनिक पिटाळतो. मागच्या महिन्यात आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटर (सगळे त्यांना ताई म्हणतात) फोन कानाला असतानाच चक्कर येऊन पडल्या. साहेब म्हणाले, तुमच्या खोलीत ताण फार आहे, काहीतरी शिकून या. मी समजलो. बाकीच्यांना सावरायला एक खंबीर माणूस हवा होता.

शिबिरात ताणाच्या वीस लक्षणांची यादी दिली. त्यातली सतरा मला लागू पडतात. पण ती वयाची आहेत.

संकल्प: सकाळी दहा मिनिटं श्वसन. घरी फोन बंद. घरी आवाज चढवायचा नाही. (हा शेवटचा तसा मला लागू नाही. मी ओरडत नाही. माझा आवाज खणखणीत आहे.)

४ जून. सकाळी ८.४०
श्वसन सुरू केलं. पहिला श्वास आत घेतला आणि फोन वाजला. सातव्या मजल्यावर एक वकीलबाई अडकल्या होत्या. श्वास तसाच धरून मेकॅनिकशी बोललो. तो म्हणाला, साहेब, आवाज असा का येतोय, तुम्हीच अडकलात का?
उद्यापासून नीट.

७ जून
ऑफिसात फाइलींच्या कपाटाशेजारी एक खुर्ची ठेवून 'शांत कोपरा' केला. कुणी बसेना. म्हणून वेळापत्रक लावलं, रोज प्रत्येकी पाच मिनिटं, सक्तीने. ताई म्हणाल्या, मला बसायला पाच मिनिटं नकोत, फोन उचलायला आणखी एक माणूस द्या. त्यांच्या नावापुढे 'नकारात्मक दृष्टिकोन' असं लिहिलं.
श्वसन राहिलं. कोपऱ्याच्या गडबडीत.

११ जून
दाढेला तडा गेला. डेंटिस्टने विचारलं, झोपेत दात खाता का? मी म्हटलं, छे. ही बाहेर बाकावर बसली होती. आतपर्यंत ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, झोपेतच कशाला, जागेपणीही खातो. डेंटिस्ट हसला. मी हसलो नाही, कारण तोंडात नळी होती.
दाढा आमच्या घराण्यातच कच्च्या.

१४ जून
फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला. फक्त वेळ बघायला म्हणून अकरा वेळा काढला. भिंतीवर घड्याळ आहे, पण ते दोन मिनिटं पुढे आहे.
जेवताना खारू (माझी मुलगी, चौथीत) शाळेच्या शर्यतीबद्दल काहीतरी सांगत होती. मी ऐकत होतो. मध्येच ऑफिसचा फोन आला, तो घ्यावाच लागला. परत आलो तर ती गप्प. हिने विचारलं, काय सांगत होती ती? मी म्हटलं, शर्यतीत आहे, छान. ही म्हणाली, शर्यतीतून तिने नाव काढून घेतलंय, आणि का, ते ती सांगत होती.
का ते पुन्हा विचारायचं राहिलं. उद्या विचारतो.

१५ जून
विचारलं. खारू म्हणाली, असंच.

१८ जून, मंगळवार
आज दिवसभरात तीन इमारतींच्या लिफ्ट बंद. संध्याकाळी घरी थोडं जोरात बोललो. कारण होतं. काय होतं ते आत्ता आठवत नाही, पण होतं. खारूने बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली. बराच वेळ नळ सुरू होता. पाणी वाया जात होतं म्हणून मी दार वाजवलं. जरा जास्तच वाजवलं गेलं.
नळ बंद झाला. तरी ती बाहेर आली नाही. शेवटी हिने मला गॅलरीत पाठवलं, तेव्हा आली.

२० जून
दोघी काही दिवस मेहुण्याकडे राहायला गेल्या. हवापालट. मीच सुचवणार होतो.
ही बॅग भरत होती. मी म्हटलं, मंगळवारनंतर मी एकदाही ओरडलो नाही, हे बघ तरी. ती म्हणाली, "तू ओरडतोस तेव्हा निदान कळतं काय करायचं ते. ओरडत नाहीस तेव्हा आम्ही दोघी वाट बघत बसतो. मला आता वाट नाही बघायची."
थकल्यावर माणूस काहीबाही बोलतो. तिला शिबिराचा फायदा झाला असता.

२१ जून
घर शांत. श्वसनाला उत्तम. सहा मिनिटं बसलो. मग उठून सगळ्या खोल्यांतले दिवे लावले.

२५ जून
ताईंनी राजीनामा दिला. छत्तीस वर्षं नोकरी झाली होती. निरोपाला काही नको म्हणाल्या. जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, रोज घरी गेल्यावर नातवाशी बोलायला माझ्यात आवाजच उरत नाही हो. मी म्हटलं, कोमट पाण्याच्या गुळण्या करा.
साहेबांना अहवाल द्यायचा होता. लिहिलं, 'विभागातील ताणग्रस्तांची संख्या एकाने कमी झाली आहे.' साहेब खूश. इतर विभागांतही कोपरे करा म्हणाले.
ही बातमी घरी सांगायची म्हणून लगबगीने आलो. कुलूप काढल्यावर आठवलं.

२८ जून, शुक्रवार
हिचा फोन. खारूसाठी मेहुण्याच्या घराजवळची शाळा बघितली आहे म्हणाली. तात्पुरती का, असं विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही. भांडली नाही, रडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.
रविवारी जाऊन दोघींना घेऊन येतो. काय बोलायचं त्याचे चार मुद्दे काढलेत. पहिला, माझ्यात झालेला बदल.

३० जून, रविवार
बसने गेलो. वाटेत मुद्दे दोनदा वाचले. जिना चढलो तर आत कुणीतरी खदखदून हसत होतं. हसता हसता ठसका लागत होता, तरी थांबत नव्हतं. म्हटलं, शेजारची पोर आली असावी.
बेल वाजवली. हसणं थांबलं.
मेहुण्याने दार उघडलं. शेजारची कुणी नव्हती. खारू उभी होती, गाल लाल, डोळ्यांत हसण्याचं पाणी. मला बघितलं तसा तिने चेहरा सरळ केला, हात मागे घेतले.
म्हणाली, "बाबा, मी काही केलं नाही."
मी तिच्यासाठी काही आणलं नव्हतं. मुद्दे खिशात होते. मेहुण्याने बस म्हटलं. पाणी प्यायलो. खारू तेवढा वेळ आईच्या खुर्चीमागे उभी होती. हिच्याकडे बघून म्हटलं, राहा तुम्ही इथे. ही जिन्यापर्यंत आली. खाली जाताना मी मागे वळून बघितलं नाही, त्यांना दार लावता यावं म्हणून.
रस्त्यावर आलो. वरून पुन्हा हसण्याचा आवाज येतो का, म्हणून थोडा वेळ थांबलो. आला नाही. मग लक्षात आलं, मी खिडकीतून दिसत असणार. लांब गेलो.

२ जुलै, मंगळवार. सकाळी १०.३०
रजा टाकून मानसोपचाराच्या दवाखान्यात आलोय. बाकावर बसून लिहितोय. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म पुढे ओढून विचारलं, त्रास कुणाला होतो?
म्हटलं, बायकोला आणि मुलीला.
त्यांनी माझ्या मागे बघितलं. म्हणाल्या, मग त्यांना आणलं नाहीत?
म्हटलं, "त्या आता बऱ्या आहेत. माझं नाव लिहा."